तोंड नसलेल्या लोकांचा मुलूख

दिगंबर डबीर यांनी अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा दप्तर खांद्याला लावलं, तेव्हा सगळ्यात जास्त हसल्या त्या त्यांच्या पत्नी सुमित्राबाई. "डबा देऊ का बरोबर?" असं विचारून त्या पोटभर हसल्या, आणि मग खरंच डबा दिला.

त्याचं असं झालं. दिगंबररावांची उमेदीची सगळी वर्षं वाळवंट मोजण्यात गेली होती. ओमानमध्ये तेल शोधणाऱ्या एका कंपनीत ते एकोणीस वर्षं सर्व्हेअर होते. तंबूत राहायचं, पहाटे दुर्बीण आणि फीत घेऊन निघायचं, दुपारी वारा सुटला की तोंडाला फडकं गुंडाळून गाडीखाली सावलीला बसायचं. तिथल्या वाटाड्यांशी बोलून बोलून त्यांना अरबी यायला लागलं. पुढे फावल्या वेळात ते वर्तमानपत्रही अडखळत वाचू लागले. निवृत्त झाल्यावर काही वर्षं नागपुरात काढून दोघं अमेरिकेत लेकीकडे, उर्वीकडे, पिस्कॅटवेला आले. उर्वी आणि जावई दिवसभर मीटिंगमध्ये. सुमित्राबाईंनी महिन्याभरात आसपासच्या चार बिल्डिंगांत ओळखी काढल्या. दिगंबरराव मात्र खिडकीशी बसून पार्किंग लॉटकडे बघत राहायचे. कुठली गाडी रेषेपासून किती अंश तिरकी लावलीय हे ते जेवताना सांगायला लागले, तेव्हा उर्वीने हात टेकले.

"बाबा, इथल्या युनिव्हर्सिटीत सीनियर लोकांना क्लासमध्ये बसू देतात. तुम्हाला अरबी येतं ना? एक कोर्स आहे, जुन्या अरब भूगोलकारांवर. मी रजिस्टर करते."

"अगं, मला येतं ते उंटवाल्यांचं अरबी."

"मग झालं तर! ते भूगोलकार तरी कुणाला विचारून लिहायचे?"

हे उर्वी सहज बोलून गेली, पण ते शंभर टक्के खरं निघालं.

क्लास तळघरातल्या एका खोलीत भरायचा. आठ विद्यार्थी, एक लांब टेबल, आणि शिकवायला प्रोफेसर हद्दाद. पन्नाशीच्या, लेबनॉनमधून आलेल्या, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर दुसरा चष्मा. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्या थबकल्या. "डबीर? फारसीत दबीर म्हणजे लेखनिक. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. आमच्याकडे राजाचा परराज्यांशी पत्रव्यवहार बघणाऱ्याला डबीर म्हणायचे."

"मग योग्य जागी आलात," त्या म्हणाल्या. नियम मात्र स्पष्ट होता. बाहेरून बसणाऱ्यांनी ऐकायचं, वाचायचं. वर्गाचा वेळ फार घ्यायचा नाही.

दिगंबरराव ऐकत राहिले, आणि दर बुधवारी घरी येऊन बोलत राहिले. हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये, कॉर्दोबात बसलेल्या त्या पंडितांनी पृथ्वीचे सात पट्टे पाडले होते. मधल्या पट्ट्यात सगळं बेताचं: हवा बेताची, माणसं शहाणी. मधला पट्टा म्हणजे अर्थातच त्यांचा स्वतःचा! तिथून जितकं लांब, उन्हाच्या किंवा थंडीच्या टोकाकडे जावं, तितकी माणसं विचित्र. बरेचसे पंडित तिकडे कधी गेलेच नव्हते. ते बाजारात काफिल्यातला व्यापारी गाठायचे, त्याला बोलतं करायचे आणि लिहून घ्यायचे.

"एकाने लिहिलंय, दूरच्या वाळवंटात सोनं वाळूतून गाजरासारखं उगवतं," दिगंबरराव पोळीचा तुकडा हातात तसाच धरून सांगत होते. "सूर्य उगवताना उपटायचं!"

"आणि किसायचं कशावर?" सुमित्राबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ऐकायला आवडत होतं. नवऱ्याच्या आवाजात ही धार त्यांनी कैक वर्षांनी ऐकली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक निनावी पुस्तक वाचायला आलं. पहिलं पानच हरवलेलं, त्यामुळे लेखक कोण ते कुणालाच माहीत नाही. हाताने लिहिलेली एकच प्रत उरलेली, तीही मूळ लेखकानंतर तीनशे वर्षांनी कुणी तरी उतरवून काढलेली. शंभरेक वर्षांपूर्वी युरोपातल्या एका संपादकाने ती छापली आणि तेव्हापासून सगळे ती छापील आवृत्तीच वाचतात. त्यात आफ्रिकेच्या महावाळवंटातल्या एका वाटेचं वर्णन होतं. मिठाच्या विटांची घरं असलेलं, उंटाच्या कातड्याने शाकारलेलं गाव. तिथून सात मुक्काम पाणी नाही. आठव्या मुक्कामाला खारी विहीर. आणि त्याही पलीकडे वीस मुक्कामांवर एक जमात. 'त्यांना तोंडं नाहीत. पाहुणा आला की त्याला दूध देतात, स्वतः त्याच्यासमोर पीत नाहीत.'

या 'तोंड नसलेल्या लोकां'वर वर्गातला एक विद्यार्थी तीन वर्षं काम करत होता. शंतनू, पुण्याचा. इंजिनिअरिंग करून, दोन वर्षं नोकरी करून, घरच्यांशी भांडून इतिहासाकडे आलेला. त्याच्या पीएचडीचं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण यावरच उभं होतं. लांबच्या माणसाला बोलण्याचा हक्क नाकारायचा तर त्याचं तोंडच पुसून टाकायचं, असं त्याचं म्हणणं होतं. नऊ दिवसांनी कोलंबस शहरातल्या एका परिषदेत तो हे मांडणार होता. वर्गात त्याने ते मांडलंही झकास. सगळे माना डोलावत होते.

दिगंबररावांना राहवलं नाही. त्यांनी हात वर केला.

"मी हे ग्राफ पेपरवर काढून पाहिलंय," ते म्हणाले. "उंटाची एका दिवसाची चाल धरून एकेक मुक्काम मांडला. विहिरी बरोबर तिथे येतात, जिथे जमिनीखाली पाणी असायला हवं. अंतरं चोख आहेत. इतकं अचूक मोजणारा माणूस, तोंडच नसलेली माणसं कशी लिहील? वाळवंटात तोंड झाकतात हो! आमचा वाटाड्या सालिम, वाऱ्याच्या दिवसांत त्याचे नुसते डोळे दिसायचे."

शंतनूचे कान लाल झाले. "काका, ते आम्हाला माहीत आहे," तो मराठीत म्हणाला, मग इंग्रजीवर आला. "तोंडाला कापड गुंडाळणाऱ्या लोकांबद्दल दुसऱ्या भूगोलकारांनी लिहिलंय. हा तसं लिहीत नाही, हाच तर मुद्दा आहे."

"शंतनू बरोबर बोलतोय," हद्दादबाई शांतपणे म्हणाल्या. "मिस्टर डबीर, लेखकाने काय लिहायला हवं होतं ते आपण ठरवू शकत नाही. पानावर जे आहे ते वाचायचं."

दिगंबररावांनी ग्राफ पेपर घडी करून दप्तरात ठेवला. पण बसमध्ये बसल्यावर त्यांच्या डोक्यात ते वाक्य फिरायला लागलं. पानावर जे आहे ते वाचायचं. बरं, मग पान कुणी पाहिलंय? सगळे तर छापील पुस्तक वाचतायत!

मूळ हस्तलिखित ज्या ग्रंथालयात होतं, त्याच्या वेबसाइटवर त्याचे जुने, काळेपांढरे स्कॅन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वी तिच्या कामावर गेल्यावर त्यांनी तिच्या मोठ्या मॉनिटरवर ते पान उघडलं आणि भिंग लावल्यासारखं मोठं केलं. अक्षरं वळणदार, पण टिंबं कुठे दिलेली, कुठे विसरलेली. तासभर एकेक अक्षर लावल्यावर ती ओळ सापडली. त्यांनी शेजारी छापील पुस्तक ठेवलं. छापील ओळ होती: 'ला अफ्वाह लहुम'. त्यांना तोंडं नाहीत. आणि हातची ओळ होती: 'ला अफ्वाहुहुम'.

दिगंबररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 'नाही त्यांची तोंडं.' हे काही धड वाक्य होत नव्हतं. म्हणजे संपादकाने 'लहुम', 'त्यांना', हे पदरचं घालून वाक्य सरळ केलं होतं!

"सुमित्रा! ए सुमित्रा! इकडे ये आधी!"

सुमित्राबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. "काय झालं? दुखतंय का काही?"

"काही दुखत नाही. हे बघ. अफ्वाह म्हणजे तोंडं. कळलं का? अफवा! आपली अफवा! या तोंडातून त्या तोंडात जाते ती अफवा. आयुष्यभर शब्द वापरला आणि आज त्याचा अर्थ कळला मला!"

"एवढ्यासाठी ओरडलात होय?" असं म्हणत त्या वाकल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. अरबीचा त्यांना गंध नव्हता. पण नागपूरच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं होतं आणि हजारो वह्या तपासल्या होत्या. "आणि हे काय आहे? दोन शब्दांच्या मध्ये, वरती?"

"शाईचा डाग असेल."

"डाग असा टोकदार नसतो. हे काकपद आहे."

"काय?"

"अहो, काकपद! लिहिताना मधला शब्द राहिला की कावळ्याच्या पायासारखी खूण करतो ना आपण, आणि राहिलेला शब्द वर नाही तर समासात लिहितो. याचा शब्द राहिलाय इथे. समासात बघा."

दिगंबरराव खुर्चीतून अर्धे उठले. खूण कशी उजवीकडे वळली होती! जणू बोट दाखवत होती. त्यांनी स्कॅन उजवीकडे सरकवला. समासावर एक फिकट पट्टी होती. फाटलेली कड सांधायला कुणी तरी कधी तरी कागद चिकटवला होता. त्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं.

आता पंचाईत ही, की सांगायचं कुणाला? हद्दादबाईंना थेट लिहिणं सोपं होतं. पण ज्याची तीन वर्षं त्या ओळीवर उभी होती, त्याच्या पाठीमागून हे करणं दिगंबररावांना बरं वाटेना. त्यांनी शंतनूला फोन केला.

शंतनू अर्ध्या तासात आला. बूटही न काढता मॉनिटरसमोर उभा राहिला आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागला. सुमित्राबाईंनी पुढे केलेला चहा हातातच राहिला.

"मी छापील प्रतच वापरली," तो शेवटी म्हणाला. "सगळे तीच वापरतात. काका, माझं पूर्ण चॅप्टर जाईल यार." 'यार' निसटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"जाईल किंवा नाही जाणार. पट्टीखाली काही नसेलही."

"आणि असलं तर?"

"तर तू ते पहिल्यांदा वाचायला हवंस. मी नाही."

शंतनूने त्यांच्याकडे पाहिलं. मग एकदम कप खाली ठेवून फोन काढला. "हस्तलिखिताचं ग्रंथालय फिलाडेल्फियाच्या अलीकडे आहे. ड्राइव्ह करून सव्वा तास. मी आत्ताच अपॉइंटमेंट मागतो. उद्या येता?"

"आम्ही दोघंही येतो," सुमित्राबाई म्हणाल्या. "खूण माझी आहे."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिघं त्या ग्रंथालयात होते. हात धुऊन, कोट बाहेर ठेवून, फक्त पेन्सिल घेऊन आत जायचं. तिथल्या हस्तलिखितांची जबाबदारी मोना नावाच्या एका तरुण बाईवर होती. तिने पुस्तक फोमच्या उशीवर ठेवलं आणि अलगद उघडलं. शाई तपकिरी झाली होती, पण खूण लख्ख होती. स्कॅनमध्ये दिसली त्याहून कितीतरी स्पष्ट.

"ही पट्टी काढता येईल?" शंतनूने विचारलं.

"आज नाही. काढायची तर समिती बसवावी लागेल," मोना म्हणाली. मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून हसली. "पण काढायची गरजच काय? खालून दिवा लावू."

तिने पातळ काचेसारखा एक प्रकाशाचा तक्ता आणला, खोलीतले दिवे मंद केले आणि तो तक्ता पानाखाली सरकवून बटण दाबलं. पान कंदिलासारखं उजळलं. कागदाच्या आडव्या रेघा दिसल्या, किड्याने केलेली भोकं दिसली, आणि पट्टीच्या मागून, जणू धुक्यातून कुणी चालत यावं तशी, तीन अक्षरं वर आली.

तिघंही पानावर वाकले.

"ते," शंतनू पुटपुटला. "मग रे. शेवटी ये. तुरा. काका, तुरा! 'ला तुरा अफ्वाहुहुम'!"

"कुणाच्या पागोट्यातला?" सुमित्राबाईंनी घाईने विचारलं.

"तुरा म्हणजे दिसणे!" दिगंबरराव जवळजवळ ओरडले आणि मोनाने ओठांवर बोट ठेवलं. "दिसत नाहीत! त्यांची तोंडं दिसत नाहीत! तोंडं नाहीत असं नाहीच म्हणत तो. पाहुण्यासमोर ते दूध पीत नाहीत, कारण त्यासाठी कापड खाली करावं लागेल!"

शंतनू खुर्चीवर बसला. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. दिगंबररावांना वाटलं, पोरगं आता रडणार. पण हात बाजूला केले तेव्हा तो हसत होता, डोळ्यांत पाणी आणून हसत होता.

"तीन वर्षं मी या बिचाऱ्याला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "म्हटलं, घरबसल्या लांबच्या माणसांना राक्षस केलं. आणि हा सरळ, नीट बघून लिहीत होता. नक्कल करणाऱ्याचा शब्द राहिला, त्याने तो प्रामाणिकपणे बाजूला लिहिला. खरा घोळ शंभर वर्षांपूर्वीच्या संपादकाचा. त्याला खूण दिसली नाही, कारण वाळवंटात तोंड नसलेली माणसं असतात यावर विश्वास ठेवायला तो तयारच होता. आणि मीही!"

"मग आता परिषदेत काय करणार?"

"हेच सांगणार. माझं चॅप्टर चुकलं, असं पहिल्या वाक्यात." तो उठून येरझाऱ्या घालू लागला. "काका, हे तर आधीच्यापेक्षा भारी आहे! विषय आता भूगोलकाराच्या नजरेचा राहिलाच नाही. त्याला वाचणाऱ्यांच्या नजरेचा झाला."

हद्दादबाईंना त्यांनी गाडीतूनच फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "फोटो पाठवा." दोन मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "मिस्टर डबीर, मी तुम्हाला म्हटलं होतं की पानावर आहे ते वाचायचं. पान मी स्वतः पाहिलं नव्हतं. माफ करा. आणि ती खूण पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली?"

"माझ्या बायकोच्या. आम्ही त्याला काकपद म्हणतो."

"मग त्यांना पुढच्या बुधवारी वर्गात घेऊन या. ते काक... काय म्हणालात ते, मला फळ्यावर काढून हवंय."

परिषदेला सगळे कोलंबसला गेले. दिगंबरराव आणि सुमित्राबाई शहराला लागूनच असलेल्या डब्लिन नावाच्या गावात राजेशकडे उतरले. राजेश हा सुमित्राबाईंचा भाचा, तिथल्या एका कंपनीत नोकरीला. शंतनूने पडद्यावर आधी छापील ओळ दाखवली, मग उजळलेलं पान. सभागृहात कुजबुज झाली, मग कुणी तरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच. शेवटच्या स्लाइडवर तीन नावं होती. सुमित्रा डबीर हे नाव मधोमध. सुमित्राबाईंनी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, "दॅट इज मी."

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागून एक उंच गृहस्थ उठले. आपलं नाव इलियास, नायजरमधल्या, त्याच महावाळवंटाच्या काठच्या आगादेझचा, इथे पाण्यावर संशोधन करतो, परिषदेची पाटी बघून आत आलो, असं त्यांनी सांगितलं. "माझ्या आजोबांचं तोंड मी एकदाही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "सासरच्या माणसांसमोर तर ते कापड जरासुद्धा हलू द्यायचे नाहीत. पुस्तकांत आमच्याबद्दल पुष्कळ काही वाचलंय. हजार वर्षांपूर्वी कुणी तरी आम्हाला नीट पाहिलं होतं, हे आज कळलं." आणि ते बसण्याऐवजी सरळ व्यासपीठाकडे चालत आले आणि त्यांनी शंतनूचा हात दोन्ही हातांत धरला.

त्या संध्याकाळी इलियास आणि शंतनू राजेशकडे जेवायला आले. दिगंबररावांनी इलियासना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. कापड किती लांब? गुंडाळायचं कसं? त्यात जेवायचं कसं?

"सहा ते आठ मीटर," इलियास म्हणाले.

"मग साडीच की!" सुमित्राबाई उठल्या आणि बॅगेतून आपली निळी सुती साडी घेऊन आल्या.

इलियासनी ती सफाईने दिगंबररावांच्या डोक्याभोवती फिरवली. एक वेढा, दुसरा, हनुवटीखालून, नाकावरून. मग राजेशच्या बायकोच्या दोन ओढण्या जोडून स्वतःलाही गुंडाळून घेतलं. दोघं शेजारी बसले. डाव्या हाताने कापडाची खालची कड जराशी उचलायची, उजव्या हाताने घास आत न्यायचा, समोरच्याला हनुवटीसुद्धा दिसता कामा नये. इलियासनी पुरी-श्रीखंडाचा घास असा घेतला की कापड हललंही नाही. दिगंबररावांचा घास निम्मा आत गेला आणि निम्मा साडीच्या काठाला लागला.

"अहो, काठाला! काठाला!" सुमित्राबाई ओरडल्या.

शंतनू जमिनीवर बसून पोट धरून हसत होता. राजेशने दोघांचा फोटो काढून उर्वीला पाठवला. मिनिटभरात तिचं उत्तर आलं: 'सो कूल! पण यातले बाबा कुठले?'